एकशे शहात्तर 'नाही' : कॅमेरूनची सार्वमते आणि अल्पसंख्याकांचे संरक्षण

२० मे १९७२ रोजी मध्य आफ्रिकेतील कॅमेरून या देशात सार्वमत झाले. देशाचे संघराज्य मोडून एकात्म राज्य करायचे का, एवढाच प्रश्न होता. 'होय' म्हणणारी मते निघाली ३१,७७,८४६. 'नाही' म्हणणारी निघाली १७६.

त्याआधी बारा वर्षे, २१ फेब्रुवारी १९६० रोजी, याच देशाच्या फ्रेंच भागात राज्यघटनेवर सार्वमत झाले होते. तेव्हा पाच लाखांहून अधिक लोकांनी 'नाही' म्हटले होते. दहातली चार मते विरोधात होती. ती पाच लाख माणसे बारा वर्षांत गेली कुठे? सगळ्यांचे मतपरिवर्तन झाले, असे ज्याला वाटते त्याने वाटून घ्यावे. आम्हाला तसे वाटत नाही.

"लोकांनी कौल दिला, आता विषय संपला" हे वाक्य आपल्यालाही ऊठसूट ऐकवले जाते. कॅमेरूनचा इतिहास या वाक्याचा फोलपणा दाखवतो. मतपेटी उघडण्याच्या कितीतरी आधी तीन गोष्टी ठरलेल्या असतात : प्रश्न कोणी लिहिला, कोणाचे मत कोणाच्या मतात मिसळून मोजले जाणार, आणि मोजणाऱ्याची नेमणूक कोणी केली. या तीन गोष्टी ज्याच्या हातात, निकाल त्याच्या हातात. आपल्या कार्यकर्त्यांनी हा इतिहास यासाठी वाचला पाहिजे.

एका वसाहतीचे तीन तुकडे

१८८४ मध्ये जर्मनीने हा प्रदेश ताब्यात घेतला. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरली आणि विजेत्यांनी वाटणी केली. सुमारे चार पंचमांश भाग फ्रान्सकडे गेला. नायजेरियाच्या सीमेला लागून असलेली चिंचोळी पट्टी ब्रिटनकडे गेली आणि तिचेही उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले. १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने या वाटणीवर शिक्का मारला. दुसऱ्या महायुद्धानंतर हे सगळे संयुक्त राष्ट्रांचे विश्वस्त प्रदेश झाले.

ब्रिटनने आपला भाग नायजेरियाला जोडून चालवला. त्यामुळे चाळीस वर्षांत दोन वेगळे समाज घडले. एकीकडे फ्रेंच भाषा, फ्रेंच पद्धतीची न्यायालये, फ्रेंच शाळा. दुसरीकडे इंग्रजी भाषा, इंग्लंडच्या परंपरेतला कायदा आणि इंग्रजी परीक्षा. दक्षिणेकडच्या इंग्रजी भागाला स्वतःचे विधिमंडळ होते, निवडणुकीत सरकार बदलण्याची सवयही लागली होती.

फ्रेंच भागात वेगळेच घडत होते. स्वातंत्र्य आणि दोन्ही भागांचे एकीकरण मागणाऱ्या यूपीसी या पक्षावर फ्रेंच सरकारने जुलै १९५५ मध्ये बंदी घातली. त्याचा नेता रूबेन उम न्योबे १३ सप्टेंबर १९५८ रोजी जंगलात मारला गेला. ज्यांनी स्वातंत्र्याची मागणी लोकांत नेली ते बंदीखाली, आणि १ जानेवारी १९६० रोजी स्वातंत्र्य आले तेव्हा सत्ता अहमदू अहिजो यांच्याकडे. एवढे होऊनही फेब्रुवारी १९६० मध्ये पाच लाख लोक 'नाही' म्हणू शकले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

प्रश्न कोणी लिहिला?

ब्रिटिश भागाचे काय करायचे, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली ११ फेब्रुवारी १९६१ रोजी सार्वमत झाले. इराणचे जलाल अब्दोह हे त्याचे आयुक्त होते. लोकांपुढे दोनच पर्याय ठेवले गेले. नायजेरियात सामील होऊन स्वतंत्र व्हायचे, की कॅमेरून प्रजासत्ताकात सामील होऊन स्वतंत्र व्हायचे?

तिसरा पर्याय, म्हणजे कोणातही सामील न होता स्वतःचे राष्ट्र, मतपत्रिकेवर नव्हताच. तो लोकांना सुचला नव्हता असे नाही. ऑगस्ट १९५९ मध्ये ममफे येथे पक्षांची परिषद झाली तेव्हा वेगळ्या स्वातंत्र्याची भूमिका मांडणारेही तिथे होते. पण स्थानिक पक्षांचे एकमत झाले नाही, हा भाग स्वतःच्या पायावर उभा राहू शकणार नाही असे ब्रिटिशांचे म्हणणे होते, आणि न्यूयॉर्कमध्ये ठराव झाला तो दोन प्रश्नांचा. ज्याला दोन्ही नको होते त्याने काय करायचे? मत न देता घरी बसायचे, किंवा त्यातल्या त्यात कमी वाईट ते निवडायचे. पुढे तेच मत "त्यांनी स्वेच्छेने निवडले" म्हणून इतिहासात नोंदवले गेले.

कोणाचे मत कोणात मोजले?

आता आकडे पाहू. दक्षिण भागात कॅमेरूनच्या बाजूने २,३३,५७१ मते पडली, नायजेरियाच्या बाजूने ९७,७४१. उत्तर भागात नायजेरियाच्या बाजूने १,४६,२९६, कॅमेरूनच्या बाजूने ९७,६५९. दोन भागांची मते वेगवेगळी मोजायची, असे आधीच ठरले होते. म्हणून उत्तर भाग नायजेरियात गेला आणि दक्षिण भाग कॅमेरूनमध्ये आला.

वाचकांनी स्वतः बेरीज करून पाहावी. दोन्ही भाग एकत्र मोजले असते तर कॅमेरूनला ३,३१,२३० आणि नायजेरियाला २,४४,०३७ मते होतात. म्हणजे तीच माणसे, तीच मते, तोच दिवस. फक्त मोजणीचा घटक बदलला असता तर आज नकाशा वेगळा असता. कॅमेरून सरकारने उत्तर भागाचे प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेले. २ डिसेंबर १९६३ रोजी न्यायालयाने त्यावर न्यायनिवाडा करण्यास नकार दिला.

हे गणित मराठी माणसाला परके नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, हा प्रश्न होता. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. निकाल कुणाला आवडला, कुणाला नाही. पण गोव्याचे भवितव्य गोव्याच्या मतांनी ठरले. महाराष्ट्रातील कोट्यवधी मतदारांना त्यात मिसळले असते तर गोव्यात मतदान घेण्याची गरजच उरली नसती. शिवाय कौल निष्पक्ष व्हावा म्हणून दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला होता. सत्तेत बसून स्वतःच्याच प्रश्नावर मतदान घ्यायचे नाही, हा साधा नियम तिथे पाळला गेला.

कॅमेरूनमध्ये १९७२ साली यातले एकही पथ्य पाळले गेले नाही.

सत्तेचाळीसावे कलम आणि ते कसे ओलांडले

जुलै १९६१ मध्ये फुम्बान येथे दोन्ही बाजूंची परिषद झाली. अहिजो आणि दक्षिणेचे नेते जॉन न्गू फोन्चा समोरासमोर बसले. अहिजोंकडे तयार मसुदा होता. फोन्चांच्या शिष्टमंडळाला तो वाचायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही, अशी तक्रार पुढे कायम राहिली. १ ऑक्टोबर १९६१ रोजी संघराज्य जन्माला आले : फ्रेंचभाषक पूर्व कॅमेरून आणि इंग्रजीभाषक पश्चिम कॅमेरून. झेंड्यावर दोन तारे आले. संघीय सभागृहात पूर्वेचे ४० प्रतिनिधी, पश्चिमेचे १०.

चाळीसच्या समोर दहा. अशा ठिकाणी अल्पसंख्याकाचे काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून घटनेच्या ४७ व्या कलमात दोन कुलपे होती. संघराज्याची एकता आणि अखंडता बिघडवणारी दुरुस्ती मांडताच येणार नाही, हे पहिले. कोणतीही घटनादुरुस्ती साध्या बहुमताने होईल, पण त्या बहुमतात दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींचे वेगवेगळे बहुमत असले पाहिजे, हे दुसरे. म्हणजे पश्चिमेच्या दहापैकी सहा जणांनी होकार दिल्याशिवाय चाळीस जण काहीही करू शकत नव्हते. दहा जणांची खरी ताकद या दुसऱ्या कुलपात होती.

हे कुलूप फोडले कसे? एका दिवसात नाही, आणि इथेच आपल्यासाठी खरा धडा आहे.

१ सप्टेंबर १९६६ रोजी दोन्ही राज्यांतले पक्ष विसर्जित होऊन 'कॅमेरून नॅशनल युनियन' हा एकच पक्ष झाला. पश्चिमेच्या नेत्यांनी स्वतःच आपले पक्ष त्यात मिसळले. राष्ट्रीय ऐक्याचे कारण दिले गेले, पदांचीही आशा होती. १९६८ मध्ये अहिजोंनी ऑगस्टीन जुआ यांना दूर करून सॉलोमन मुना यांना पश्चिमेचे पंतप्रधान केले. १९७० मध्ये फोन्चा यांचे उपराष्ट्राध्यक्षपदही गेले, त्या जागीही मुना आले. आता पश्चिमेचा प्रत्येक नेता अहिजोंच्या मर्जीवर उभा होता.

मग ६ मे १९७२ रोजी अहिजोंनी संसदेत जाहीर केले की संघराज्य खर्चिक आहे, देश एक झाला पाहिजे, आणि हा निर्णय थेट जनताच घेईल. सार्वभौमत्व जनतेचे आहे आणि ती ते सार्वमतानेही वापरते, असे घटनेतच लिहिले होते. त्याचा आधार घेतला गेला. ४७ वे कलम बाजूला पडले. चौदाच दिवसांनी मतदान झाले. विरोधी पक्ष नाही, विरोधी प्रचार नाही, स्वतंत्र आयोग नाही. २ जूनला नवी राज्यघटना लागू झाली. पश्चिमेचे विधिमंडळ गेले, तिथल्या पारंपरिक प्रमुखांचे सभागृह गेले. १९७५ मध्ये झेंड्यावरचा एक ताराही गेला. आणि २० मे हा त्या देशाचा राष्ट्रीय दिन झाला.

कोणी म्हणेल, १७६ हा आकडा सगळ्या देशाचा आहे, म्हणजे पश्चिमेतही जवळजवळ सगळ्यांनी 'होय' म्हटले. वेगळे मोजले असते तरी निकाल तोच लागला असता. कागदावर हे खरे आहे. म्हणूनच आम्ही सांगतो की नुसते कलम पुरेसे नसते. कलमामागे उभी राहणारी स्वतंत्र संघटना लागते. पश्चिमेची संघटना १९६६ मध्ये गेली, संरक्षण १९७२ मध्ये गेले. क्रम उलटा नव्हता. ज्या दिवशी पक्ष विसर्जित झाले त्या दिवशीच मतपेटीतला 'नाही' संपला होता. १९७२ मध्ये फक्त मोजणी झाली. फोन्चांनी १९९० मध्ये सत्ताधारी पक्षाचा राजीनामा दिला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांचे दार ठोठावले. तोवर फार उशीर झाला होता.

बाबासाहेबांनी हा धोका फार आधी ओळखला होता. जन्माने ठरलेले बहुमत आणि मतपरिवर्तनाने बनणारे राजकीय बहुमत यांत ते कायम फरक करत. पुणे करारामुळे राखीव जागा वाढल्या, पण प्रतिनिधी निवडण्याची किल्ली बहुसंख्याकांच्या हातात गेली, ही त्यांची खंत होती. पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात तर त्यांनी कायद्याचा मसुदाच लिहून दिला आहे, आणि त्यात मुस्लिम मतदार व बिगर-मुस्लिम मतदार यांचा कौल वेगवेगळा घेण्याची तरतूद आहे. ज्याच्या जगण्यावर परिणाम होणार त्याचे मत दुसऱ्याच्या गर्दीत बुडवायचे नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. कॅमेरूनचे इंग्रजीभाषक जातीने दडपलेले नाहीत, त्यांचा प्रश्न भाषेचा, कायद्याचा आणि कारभाराचा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कायमच्या बहुमतापुढे कायमच्या अल्पमताची जी गत होते, ती दोन्हीकडे सारखीच आहे.

मोजणारा कोणी नेमला?

१९८२ मध्ये अहिजो पायउतार झाले आणि ६ नोव्हेंबरला पॉल बिया राष्ट्राध्यक्ष झाले. ते अजूनही आहेत. १९९० मध्ये बामेंडा शहरात नवा विरोधी पक्ष स्थापन झाला त्या दिवशी गोळीबारात सहा जण मेले, पण बहुपक्षीय निवडणुका आल्या. ऑक्टोबर १९९२ च्या निवडणुकीत बिया यांना ३९.९८ टक्के आणि इंग्रजीभाषक जॉन फ्रू न्दी यांना ३५.९७ टक्के मते जाहीर झाली. तिथे एकच फेरी असते. निम्म्याहून कमी मते असली तरी जो पुढे तो राष्ट्राध्यक्ष. साठ टक्के लोक विरोधात असूनही बिया निवडून आले. ही निवडणूक सरकारच्या प्रादेशिक प्रशासन मंत्रालयाने, म्हणजे बियांच्याच मंत्र्याने चालवली होती.

टीका वाढली तेव्हा २००० मध्ये एक निरीक्षण संस्था आली, २००६ च्या कायद्याने 'इलेकॅम' हा आयोग आला, २०१२ मध्ये सगळे निवडणूक कायदे एका संहितेत आले. कागदावर सगळे नीटनेटके आहे. मतदानाचे वय २० वर्षे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपत्रिका. मतदार त्यातली एक लिफाफ्यात घालून पेटीत टाकतो. निकाल घटना परिषद जाहीर करते, तोही पंधरा दिवसांत. तक्रार करायला ७२ तास.

आता नेमणुका पाहा. इलेकॅमच्या मंडळाचे १८ सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात. त्याचा महासंचालकही तेच नेमतात. २००८ च्या अखेरीस पहिले सदस्य नेमले गेले तेव्हा त्यांत सत्ताधारी पक्षाचे अनेक जण होते. घटना परिषदेचे ११ सदस्यही राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने येतात. तीन नावे ते स्वतः देतात, बाकीची संसदेच्या दोन सभागृहांचे अध्यक्ष आणि न्याय परिषद देते. २०१८ च्या निवडणुकीनंतर या परिषदेपुढे १८ तक्रारी आल्या. अठराही फेटाळल्या गेल्या. २०२५ मध्ये मॉरिस काम्टो यांची उमेदवारी इलेकॅमने नाकारली आणि घटना परिषदेने तो निर्णय कायम केला. १२ ऑक्टोबरला मतदान झाले. ९२ वर्षांच्या बियांना ५३.६६ टक्के आणि इसा चिरोमा बकारी यांना ३५.१९ टक्के मते जाहीर झाली. चिरोमा यांनी स्वतःच्या विजयाचा दावा केला, लोक रस्त्यावर आले, माणसे मेली.

सार्वमताचा कायदाही समजून घ्या. १९९६ च्या घटनेनुसार घटनादुरुस्ती सार्वमताला टाकायची की नाही, हे राष्ट्राध्यक्ष ठरवतात. टाकली तर झालेल्या मतदानाचे साधे बहुमत पुरते. दोन इंग्रजीभाषक प्रांतांचा वेगळा होकार कुठेही लागत नाही. म्हणजे १९६१ चे कुलूप आजही परत बसवलेले नाही.

हे हत्यार कधी वापरायचे आणि कधी म्यानात ठेवायचे, हेही सत्ताच ठरवते. फेब्रुवारी २००८ मध्ये महागाई आणि बियांच्या मुदतवाढीविरुद्ध शहरे पेटली. राष्ट्राध्यक्षाला दोनच मुदती, ही घटनेतली अट त्यांना काढायची होती. आता 'जनताच ठरवेल' असे कोणी म्हटले नाही. १० एप्रिलला संसदेत १५७ विरुद्ध ५ मतांनी अट काढून टाकली. अल्पसंख्याकांचे संरक्षण मोडायचे होते तेव्हा जनता आठवली. स्वतःची खुर्ची वाचवायची होती तेव्हा संसद आठवली.

'नाही'ला जागा नसते तेव्हा

मतपेटीत दाबलेला 'नाही' नष्ट होत नाही. २०१६ मध्ये इंग्रजीभाषक प्रांतांतील वकील आणि शिक्षक रस्त्यावर आले. त्यांची मागणी साधी होती : आमच्या न्यायालयांत आमचा कायदा न जाणणारे न्यायाधीश नकोत, आमच्या शाळांत आमची भाषा न येणारे शिक्षक नकोत. सरकारने अटका केल्या, २०१७ मध्ये सुमारे तीन महिने तिथले इंटरनेट तोडले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी फुटीर गटांनी 'अंबाझोनिया' या स्वतंत्र राष्ट्राची घोषणा केली. तेव्हापासून सहा हजारांहून अधिक माणसे मेली आहेत. सैन्याने गावे जाळली, सशस्त्र गटांनी शाळा बंद पाडल्या आणि मतदानाला जाणाऱ्यांना धमकावले. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने या दोन प्रांतांना 'विशेष दर्जा' दिला आणि पारंपरिक प्रमुखांचे सभागृह परत आणले. जे १९७२ मध्ये खर्चिक म्हणून मोडले होते, त्याचा एक तुकडा एवढ्या प्रेतांनंतर परत मिळाला, तोही वरून दिलेला.

भारताच्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. संघराज्याशी संबंधित काही कलमे बदलायची तर संसदेच्या बहुमताबरोबर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. हे कुलूप आपल्याकडे आहे. पण मोजणाऱ्याच्या नेमणुकीचा प्रश्न आपल्याकडेही उघडाच आहे. जून १९४९ मध्ये संविधान सभेत निवडणूक आयोगाच्या कलमावर बोलताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले होते की आयुक्ताचा कार्यकाळ सुरक्षित करून भागणार नाही. मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या मुठीतला माणूस त्या पदावर येऊ नये, याची तरतूद घटनेत नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकीच्या समितीत सरन्यायाधीशांना घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने कायदा करून त्यांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री बसवला. आता तिघांपैकी दोघे सरकारचे.

म्हणून पुढच्या वेळी कोणी "लोकांचा कौल" तोंडावर फेकला, तर आपल्या तरुणांनी आकडा ऐकून गप्प बसू नये. प्रश्न कोणी लिहिला, ते विचारा. आमचे मत कोणाच्या मतात बुडवले, ते विचारा. मोजणारा कोणी नेमला, ते विचारा. आणि कोणी ऐक्याच्या नावाखाली आपली संघटना मोठ्या पक्षात विसर्जित करा म्हणाला, तर त्याला १ सप्टेंबर १९६६ ही तारीख सांगा. कारण १९७२ मध्ये त्या देशात निदान १७६ जण तरी 'नाही' म्हणू शकले. संघटना नसेल तर तेवढेही उरत नाहीत.